थायरॉईडसाठी आयोडीनचे थेंब? आधी हे वाचा!

"थायरॉईड म्हणजे आयोडीनची कमतरता. थेंब सुरू करा, गोळी कायमची सुटेल." असे मेसेज तुमच्याही मोबाईलवर आले असतील. हा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे.

या थेंबांत बहुधा पोटॅशियम आयोडाइड असते. हा पांढरा, खारट, पाण्यात सहज विरघळणारा क्षार. औषध म्हणून तो उत्तमच आहे, पण कशासाठी? थायरॉईड अतिवेगाने काम करू लागली की शस्त्रक्रियेपूर्वी तिला आवर घालण्यासाठी! मोठ्या मात्रेत आयोडाइड मिळाले की ही ग्रंथी हार्मोन बनवणे तात्पुरते थांबवते. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर पोलंडने लाखो मुलांना आयोडाइड पाजले, तेही ग्रंथी आधीच भरून जावी आणि किरणोत्सारी आयोडीनला जागा उरू नये म्हणून.

म्हणजे ज्या ग्रंथीचे काम आधीच मंदावले आहे, तिलाच ब्रेक लावायला तुम्ही पैसे मोजताय!

जरा हिशोब करा

प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदर स्त्रीला 250. ल्यूगॉलच्या 5 टक्के द्रावणाच्या एकाच थेंबात सुमारे 6 मिलीग्रॅम, म्हणजे चाळीस दिवसांचे आयोडीन असते. आणि मेसेजमध्ये सांगतात, "रोज दोन थेंब"!

निरोगी ग्रंथी हा मारा बहुधा सोसते. हाशिमोटो आजारात ती आणखी मंदावते. गाठी असलेली ग्रंथी उलट भडकते. छातीत धडधड सुरू होते, वयस्कर माणसाच्या हृदयाची लय बिघडू शकते. गरोदरपणात अति आयोडीनने बाळालाही गलगंड होऊ शकतो.

"पण आयोडीनअभावी गलगंड होतोच ना?"

होतो. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात केलेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटला. पण तो घटला मिठातल्या चिमूटभर आयोडीनने, बाटलीने नव्हे. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण दमट हवेत आयोडाइड टिकत नाही. गंमत म्हणजे, "नैसर्गिक" म्हणून हेच मीठ बंद करून गुलाबी सैंधव आणणाऱ्या घरांतच हे थेंबही येतात!

आज आपल्याकडे मंद थायरॉईडचे मोठे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. तिथे आयोडीन काय करणार?

म्हणून:

- थायरॉक्सिनची गोळी स्वतःहून बंद करू नका. गरोदरपणात तर मुळीच नाही. आईची गोळी बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठीही असते.
- साधे आयोडीनयुक्त मीठ खा, पण बेताने.
- थेंब घेत असाल तर न लाजता बाटली डॉक्टरांना दाखवा आणि टीएसएच तपासा.

मेसेज पाठवणाऱ्याला तुमचा टीएसएच ठाऊक नाही. मग मात्रा त्याने का ठरवायची?