दीड जीबीचा संसार

पूर्वी महिनाअखेर आली की गृहिणीच्या डब्यांचा तळ दिसे. हल्ली दिवेलागणीलाच डेटाचा तळ दिसतो. रोजचा दीड जीबी मध्यरात्री मिळावा, आणि सायंकाळी कंपनीचा निरोप यावा, की आजचा डेटा संपला! पुढे गती इतकी मंदावते, की साधा फोटो उघडेपर्यंत चहा निवून जातो.

घरी वाय-फाय असणाऱ्यांना याचे हसू येईल. येऊ द्या. पण आमच्या वर्ध्यात आर्वी-समुद्रपूरकडची कितीतरी मुले खोली करून शिकतात. परीक्षेचा अर्ज फोनवर, शुल्क फोनवर, आईला तोंड दाखवायचे तेही फोनवरच. अर्जाची मुदत रात्री बाराची आणि डेटा आठलाच आटोपला, तर त्या मुलाने कोणाचे दार ठोठवावे?

बरे, हा डेटा जातो कुठे? पुष्कळसा न मागितलेल्या गोष्टींत. दिवाळीत तर मावशीपासून मेहुण्यांपर्यंत प्रत्येक गटावर फिरते दिवे आणि उडते फटाके! व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडावे आणि मोबाइल डेटावर फोटो, व्हिडिओ आपोआप उतरण्याच्या खुणा काढून टाकाव्या. मग बोटाने मागाल तेवढेच घरात येईल. अ‍ॅपची अद्ययावतेही वाय-फायवरच होऊ द्यावी. यूट्यूबवर एचडी लावले की तासाभरात दिवसाच्या शिध्याचा मोठा वाटा गेलाच. ३६० वर तेच चित्र थोडक्यात भागते. कीर्तन ऐकायचे तर १४४ सुद्धा पुरे. बुवांच्या उपरण्याचे काठ मोजायचे नसतात!

काटकसर म्हटली की आम्हां वर्धेकरांना सेवाग्राम आठवणारच. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. आलेल्या पाकिटांची कोरी पाठ ते लिहायला वापरीत; पण म्हणून पत्रे लिहायचे थांबले नाहीत. त्यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजी खंड १०० भरले, आणि त्यांत पत्रे किती! काटकसर कागदाची होती, पत्रांची नव्हे.

म्हणून डेटा वाचवायचा म्हणून घरचा फोन तोडू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या त्याच पानावर कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे. चेहरा जरा धूसर येतो, पण ‘जेवलास का रे?’ हे नीट ऐकू येते.