दुपारी बंद पडणारी करवत

चेन्नईतील आमच्या तिरुवान्मियूरच्या वसाहतीत जिन्याखाली जी अंधारी खोली आहे, तीत पाण्याच्या पंपाचे सुटे भाग, जुने दोरखंड आणि रंगाचे रिकामे डबे यांच्या शेजारी पेट्रोलवर चालणारी एक साखळी-करवत ठेवलेली असते. साऱ्या वसाहतीच्या मालकीची ही वस्तू आमच्याकडे कशी आली, हे सांगावयाचे तर २०१६ च्या डिसेंबरकडे मागे जावे लागते. त्या महिन्याच्या ५ तारखेस मुख्यमंत्री जयललिता यांचे निधन झाले होते, नोटाबंदीस महिना उलटून गेला तरी बँकांच्या दारांतील रांगा हटल्या नव्हत्या, आणि अशा विषण्ण, रोकडटंचाईच्या दिवसांत १२ तारखेच्या दुपारी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर येऊन आदळले. वादळाचा डोळा शहरावरून सरकत असता वारा काही काळ थबकला, माणसे दारे किलकिली करून बाहेर डोकावू लागली, आणि तेवढ्यात तोच वारा उलट दिशेने असा सुटला, की पहिल्या तडाख्यात कललेले वृक्ष दुसऱ्या तडाख्यात मुळांसकट उन्मळून पडले. गुलमोहर, पीतमोहर, वर्षावृक्ष ही परदेशांतून आणून रस्त्यांच्या कडेने लावलेली, विस्ताराने मोठी पण मुळांनी उथळ असलेली झाडे सर्वांत अधिक कोसळली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आडवा पडलेला पीतमोहर चार दिवस तसाच होता. महापालिकेचे कामगार रात्रंदिवस राबत होते. परंतु शहरभर हजारो झाडे पडली असता प्रत्येक गल्लीत त्यांनी त्याच दिवशी पोहोचावे, अशी अपेक्षा धरणे न्यायाचे नव्हते. अरुवाळ म्हणजे तमिळ कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन फिरणारे लाकूडतोडे मोबदला रोख मागत, आणि रोकड तर त्या महिन्यात कोणाच्याच घरी नव्हती. शेजारच्या आजीबाईंना डायलिसिससाठी नेणारी गाडी झाडापलीकडे उभी करावी लागली आणि चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून फांद्यांवरून उचलून नेले. तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. पुढल्याच महिन्यात वसाहतीच्या सभेत ठराव झाला, वर्गणी जमली, आणि ५८ सीसी इंजिनाची, २२ इंची पात्याची, बाजारात मिळणाऱ्या सर्वांत स्वस्त करवतींपैकी एक आम्ही विकत आणली.

या यंत्राविषयी मला पहिल्यापासून आदर वाटत आला आहे. त्याच्या साखळीचा दात कसा जन्मास आला, ही हकिकत मोठी मनोहर आहे. अमेरिकेतील ऑरेगन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या १९४६ मध्ये ओंडका पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीकडे पाहत राहिला. ती अळी लाकडात सरळ न घुसता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत वाट काढते हे त्याच्या ध्यानी आले, आणि तसेच आळीपाळीने दोन बाजूंना वळलेले दात त्याने पोलादात घडविले. आजच्या बहुतेक साऱ्या साखळ्या त्याच दातांच्या वंशातल्या आहेत. इंजिनाची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी सांभाळणारा एक तरंगता गोळा असतो, आणि गाडी आडवी पडली की त्याचा कारभार बिघडतो. करवत मात्र आडवी, तिरपी, प्रसंगी उलटीही धरावी लागते, म्हणून तिच्यात गोळ्याऐवजी एक पातळ रबरी पडदा बसविलेला असतो. इंजिन श्वास ओढते तसा तो पडदा आत लवतो, एका चिमुकल्या तरफेला दाबतो, तरफ सुई उचलते आणि हवे तेवढेच पेट्रोल आत येते. एवढ्या नाजूक व्यवस्थेवर ही सारी धडधड उभी आहे.

गेल्या श्रावणात एका सायंकाळच्या वादळी पावसाने आमच्या कुंपणाच्या भिंतीवर पीतमोहराची एक मोठी फांदी कोसळली, आणि करवत बाहेर काढावी लागली. सकाळी सातच्या सुमारास चार वेळा दोरी ओढताच ती सुरू झाली, दहाएक मिनिटे उत्तम चालली, मग भुकेने गळून जावे तशी मंदावत मंदावत बंद पडली. थोडी विश्रांती दिली की पुन्हा सुरू होई, पुन्हा दहा मिनिटांनी मंदावे. अकरा वाजल्यानंतर मात्र दुखण्याचे स्वरूपच पालटले. कापलेले ओंडके बाजूला सारीपर्यंत करवत उन्हात पडून राही, आणि पुन्हा दोरी ओढावी तर इंजिन एकदा गुरगुरून पांढरा धूर ओके व बंद होई. मग हवेच्या जाळीतून आणि धुराड्यातून पेट्रोल ठिबकू लागे. प्लग काढून पाहावा तो चिंब ओला असे.

पेट्रोल ‘ओव्हरफ्लो’ होणे म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण पुष्कळ माणसे अशा वेळी अधिक जोराने दोरी ओढतात आणि दुखणे वाढवून ठेवतात. पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ते पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण. त्यात पेट्रोल प्रमाणाबाहेर झाले की ठिणगी पडूनही ज्वाला धरत नाही, आणि प्लगची टोके भिजली की ठिणगीही धड पडत नाही. प्रत्येक दोरीनिशी आणखी पेट्रोल आत ओढले जाते. यावर तात्कालिक उपाय सोपा आहे. स्विच बंद करावा, प्लग काढावा, चोक पूर्ण उघडा ठेवून करवत उलटी धरावी आणि दोरी सात-आठ वेळा ओढून साचलेले पेट्रोल बाहेर झाडून टाकावे. आसपास विडी, चूल, विजेची ठिणगी असे काहीही नसावे. प्लग पुसून, वाळवून परत बसवावा आणि चोक न लावता सुरू करावे. मी हे सारे केले. करवत सुरू झाली आणि तासाभरात पुन्हा भिजली.

मग मी एकेका भागास आरोपी ठरवू लागलो. नवा प्लग आणून त्याच्या टोकांतील अंतर सहा दशांश मिलिमीटर केले. भुशाने आणि तेलाने माखलेली हवेची जाळी धुतली, कारण हवा अडली की मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण आपोआप वाढते. चोक पहिल्या ‘भक्’ आवाजापर्यंतच लावावा आणि तो आवाज होताच उघडावा, हा शिरस्ता काटेकोर पाळला. कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून मग एकेक फेरा उघडले. एवढ्यानेही गुण येईना, तेव्हा ब्रॉडवेच्या बाजारातून आख्खा नवा कार्बोरेटरच आणून चढविला. पहिल्या सकाळी तो दहा मिनिटे चालला आणि दुपारी ओव्हरफ्लो झाला.

सौकारपेठेत गलाईचा धंदा करणारे, मूळचे विट्याकडचे आमचे एक स्नेही आहेत. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखातून निघून भारतभरच्या सराफकट्ट्यांत सोने-चांदी शुद्ध करण्याचा व्यवसाय ज्यांनी पसरविला, त्या समाजातील हे गृहस्थ. त्यांचा जन्म भट्टीपुढे गेला आहे. माझी फिर्याद ऐकून ते म्हणाले, “तात्या, भट्टीत जाळ बिघडला की आम्ही आधी तेलाकडं बघत नाही, वारा कुठनं येतो आन् कुठनं जातो ते बघतो. तुम्ही नुसतं पेट्रोलच्याच मागं लागलाय.” आणि दुसऱ्या दिवशी ते मला पुदुपेटला घेऊन गेले.

पुदुपेट हा चेन्नईतील मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचा बाजार. तेथे एका अरुंद बोळात, ज्यांना सारी गल्ली ‘भाय’ म्हणते, असे एक वृद्ध मिस्त्री बसतात. ते तमिळ जाणतात, पण घरची बोली दखनी, त्यामुळे आमचे संभाषण विनासायास झाले. त्यांनी करवतीला हात लावला नाही. अगोदर मला बसविले आणि पहिल्या दिवसापासूनचे सारे क्रमाने सांगावयास लावले. मधे एकदाच त्यांनी विचारले, “कित्ते बजे बंद होती ये?”

त्या प्रश्नाने मी थांबलो. ‘कैफियत’ हा शब्द आपण आज तक्रारीच्या अर्थाने स्वैर वापरतो. परंतु कर्नल कॉलिन मॅकेन्झी याने दक्षिणेतील गावोगावांहून ज्या कैफियती लिहवून घेतल्या आणि ज्यांचा मोठा संग्रह आज याच चेन्नईच्या सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहे, त्या तक्रारी नव्हेत. गावच्या जाणत्या माणसाने आपल्या गावाचा वृत्तान्त सांगावा आणि लिहिणाऱ्याने तो नीट टिपून घ्यावा, असे ते दप्तर आहे. भायंनी माझ्या यंत्राची कैफियत याच अर्थाने घेतली. मी एवढे दिवस कोणता भाग नादुरुस्त आहे हे पाहत होतो. दुखण्याला सकाळचे एक रूप आहे आणि दुपारचे दुसरे, ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी ती पुरावा म्हणून जमेस धरली नव्हती.

त्यांनी करवत उन्हात ठेवली आणि चहा मागविला. अर्ध्या तासाने दोरी ओढली; ती ओव्हरफ्लो झाली. लगेच प्लग काढून, तो साचलेल्या पेट्रोलपासून दूर धरून ठिणगी पडते का ते पाहिले, कारण तापल्यावर ठिणगी पाडणारी कॉइल दगा देत असली तरी न जळलेले पेट्रोल असेच साचते. ठिणगी स्वच्छ निळी होती, तेव्हा कॉइल निर्दोष ठरली. मग त्यांनी करवत सावलीत आणून बराच वेळ निवू दिली, टाकीच्या झाकणावर फडके धरले, तोंड बाजूस वळविले आणि झाकण अगदी थोडे फिरविले. ‘सुस्’ असा दीर्घ आवाज झाला. एवढ्या वेळानेही टाकीत दाब कोंडलेला होता.

दोष टाकीच्या श्वासछिद्रात होता. टाकीतून पेट्रोल गेले की त्याची जागा भरण्यास हवा आत यावी, आणि टाकी तापली की कोंडलेली वाफ बाहेर पडावी, यासाठी टाकीच्या वरच्या अंगास एक बारीक छिद्र आणि त्यात रबरी झडप असते. आमच्या झडपेत भुसा आणि साखळीचे तेल मिळून कठीण बूच बसले होते. सकाळच्या गारव्यात इंजिन पेट्रोल ओढी, हवा आत येत नसे, टाकीत पोकळी होई, आणि दहा मिनिटांनी इंजिन उपाशी पडून बंद होई. विश्रांतीच्या वेळात झाकणाच्या फटींतून थोडी हवा झिरपली की पुन्हा चाले. दुपारी याच्या उलट होई. पेट्रोलातील हलके अंश पस्तीस-चाळीस अंश उष्णतेलाच उकळू लागतात. चेन्नईच्या उन्हात, तापलेल्या इंजिनाशेजारी, टाकीत वाफेचा दाब चढे, आणि ती चिमुकली सुई आपल्या केसाएवढ्या स्प्रिंगच्या बळावर तो दाब थोपवू शकत नसे. पेट्रोल सुईला रेटून इंजिनात भरे. उपासमार आणि पूर या दोहोंचे मूळ एकाच छिद्रात होते, आणि नवा कार्बोरेटर त्यावर काय करणार?

झडपेचे मोल पंधरा रुपये पडले. कामाचा मोबदला भायंनी शंभर सांगितला.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली, ती मला झडपेइतकीच महत्त्वाची वाटते. टाकीतील पेट्रोल व टू-टी तेल यांचे मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून त्यांनी ती उजेडात धरली, तो तळाशी पाण्यासारखा एक वेगळा थर दिसला. मागल्या पावसाळ्यात भरलेले ते पेट्रोल होते. २०२२ मध्ये आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. समुद्रकाठच्या दमट हवेत महिनोन्‌महिने राहिले की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि टाकीतील गाळणीचे वजनदार टोक नेमके तेथेच बुडालेले असते. टू-टी तेल त्या थरात मिसळत नाही, म्हणजे इंजिनास वंगण मिळत नाही. रबरी पडदाही अशा पेट्रोलात फुगतो, सुरकुततो आणि तरफेला अकारण दाबून ठेवतो. आमच्या जुन्या कार्बोरेटरचा पडदा तसाच झालेला निघाला. आमच्या करवतीच्या पुस्तिकेप्रमाणे लिटरमागे ४० मिलिलिटर तेल, आणि तेही लागेल तेवढेच ताजे मिसळावयाचे; जुन्या स्कूटरला लिटरमागे २० मिलिलिटर पुरत असे, त्या सवयीने येथे वागू नये.

स्वस्त यंत्र म्हणजे टाकाऊ यंत्र, हे मत मी या प्रसंगानंतर मान्य करीत नाही. आमच्या करवतीचे इंजिन, पाते, साखळी सारे सुदृढ आहे. उणीव होती ती माहितीची. तिच्या पुस्तिकेत बारा भाषांत इशारे आहेत आणि श्वासछिद्राविषयी एक अक्षर नाही. जी झडप दरवर्षी साफ करावी लागते तिचा उल्लेख विक्रेत्याने न करणे, हे मी गंभीर वैगुण्य समजतो. उन्हात तापलेल्या करवतीचे झाकण एखाद्याने घाईने उघडले तर पेट्रोलचे कारंजे तोंडावर आणि गरम धुराड्यावर उडेल, आणि माणूस भाजेल. एवढे एक वाक्य तमिळमध्ये आणि मराठीत छापावयास किती कागद लागला असता?

ईशान्य मोसमी पाऊस चेन्नईत ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उतरतो, आणि वादळे त्याच्या मागोमाग येतात. ज्या वसाहतींनी वरदानंतर अशा करवती घेऊन ठेवल्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की जुने पेट्रोल आताच काढून टाका, झडप धुऊन घ्या, ताजे मिश्रण थोडेसेच भरा, आणि करवत एकदा चालवून पाहा. मात्र ती सकाळी नव्हे, भर दुपारी चालवून पाहा.