आधी सुतार, मग रंगारी

जत्रा जवळ आली की आमच्या देवस्थानांतून रंगाचे डबे उघडतात. अग्रशाळेच्या वळचणीला कुजलेली वाशांची टोके, पायथ्याशी मऊ पडलेले खांब, फुगलेल्या फळ्या, या सर्वांवरून तैलरंगाचा जाड हात फिरतो, भेगांत सिमेंट भरले जाते आणि महाजन मंडळी समाधानाने म्हणतात, “दुरुस्ती झाली!” आम्ही विचारतो, ही दुरुस्ती की रोग झाकण्याची युक्ती?

लाकूड वयाने कुजत नाही, पाण्याने कुजते. त्याला कुजवणारी बुरशी लाकडातील ओल साधारणतः शेकडा २० च्या वर गेल्याखेरीज वाढत नाही. तेव्हा रोगाचे मूळ शोधावयाचे ते फुटक्या कौलात, तुंबलेल्या पन्हळीत आणि खांबाच्या बुडाभोवती ओतलेल्या सिमेंटात. तैलरंग आतली ओल आतच कोंडतो. सिमेंट लाकडाबरोबर फुगत नाही, आकसत नाही. कडेला फट पडते आणि पाणी नेमके तेथेच मुरते. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच!

खरा उपाय जुन्या सुतारांना ठाऊक होता. प्रथम पाण्याची वाट बंद करावी. लाकूड सुकू द्यावे. आरीने टोचून पाहावे. टोक सहज रुतेल तेथवर लाकूड गेले असे समजावे. निरोगी लाकूड लागल्यावरही थोडे पुढे कापून त्याच जातीच्या, मुरलेल्या, गाभ्याच्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडावा. खांबाचे बूड दगडी उथळ्यावर उचलून घ्यावे. रंग सर्वांत शेवटी.

कोणी म्हणेल, सुतार मिळत नाहीत. त्यापेक्षा सगळे पाडून काँक्रीट ओतावे. हातभर टोक कुजले म्हणून अख्खी अग्रशाळा मोडावयाची, हा कोठला न्याय? आणि गळक्या काँक्रीटातील लोखंड गंजत नाही काय? जपानातील नारा येथील होर्यूजी मंदिराच्या लाकडी इमारती सुमारे १३०० वर्षे उभ्या आहेत, त्या वेळोवेळी कुजका भाग काढून नवा जोडल्यामुळेच.

महाजनहो, येत्या पावसाळ्यात भर सरीत एकदा अग्रशाळेभोवती फिरा आणि पाणी कोठे मुरते ते स्वतः पाहा. कळसाला सोन्याचा मुलामा देणारे दाते पुष्कळ मिळतात; वळचणीचा एक वासा नीट करून देणारा दाता आज देवाला हवा आहे.