कानाचें माप

घरांत एखादी नवी वस्तु यावी, ती लहानथोरांस पसंत पडावी आणि एकट्या वडील माणसास मात्र ती मानवूं नये, असें झालें म्हणजे दोष त्या माणसाचाच, असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. ‘त्यांना नव्याची हौसच नाहीं’, ‘या वयांत आतां सवय कशी व्हायची?’ अशीं वाक्यें घरोघर ऐकूं येतात. वस्तूचेंच माप चुकलें असेल, अशी शंका क्वचितच कोणास येते. गेल्या आषाढांत आमच्या कुटुंबांत ही चूक घडली. ती करणारांत आम्हीही होतों. म्हणूनच ती वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमची आत्या वलवण येथें आमच्या थोरल्या बंधूंच्या कुटुंबांत राहते. तिचें वय ७८ वर्षांचें. कीर्तनाचा तिला लहानपणापासून नाद. पूर्वीं ती पायीं लोणावळ्यास जाऊन कीर्तन ऐकून येई. आतां गुडघे साथ देत नाहींत, तेव्हां ती मोबाइलवर ऐकते. परंतु वलवणचा आषाढ म्हणजे काय, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांस सांगावयास नको. वर्षाकाठीं सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस या घाटमाथ्यावर कोसळतो, आणि बंधूंच्या घरावर पत्रे आहेत. आत्यानें आवाज चढवावा, तर शेजारच्या खोलींत नातवाचा अभ्यास आणि सूनबाईंचें कचेरीचें काम बिघडावें. यावर तोड म्हणून पुतण्यानें तिला कानांत घालावयाचे इअरफोन आणून दिले.

आठ दिवसांत ते फडताळांत जाऊन पडले. ‘एक कान ठणकतो आणि दुसऱ्यांतलें सारखें गळून पडतें,’ ही तिची तक्रार. ‘आत्याआजी, ऐकूं येत नसेल तर आवाज वाढव ना,’ हा नातवाचा सल्ला. तिनें आवाज अगदीं शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पाहिला. आम्हीही ‘हळूहळू सवय होईल’ असें फोनवर सांगून स्वस्थ बसलों होतों. प्रत्यक्ष भेट झाली तेव्हां ती म्हणाली, ‘अरे, माझे कानच आतां निकामी झाले; यंत्राला कशाला बोल लावूं?’ तिचें हें बोलणें आमच्या मनास लागलें.

आम्हीं इअरफोनचा डबा मागवला. त्यांत आत्यानें सेफ्टीपिना ठेवल्या होत्या. तळाशीं एक इवलीशी पिशवी बंदच्या बंद पडलेली होती. इअरफोनच्या तोंडावर बसवावयाच्या रबरी टोप्यांच्या आणखी दोन जोड्या तींत होत्या. एक लहान, एक मोठी. कारखान्यांतून मधल्या मापाची जोडी चढवून येते, आणि तीच सर्वांस चालावी असें आपण गृहीत धरतों. कासार बांगड्या भरण्यापूर्वीं हात दाबून पाहतो. बांगडी चढली नाहीं म्हणून तो हातास नांवें ठेवीत नाहीं, दुसरें माप काढतो. कानाच्या बाबतींत मात्र हा विचार आमच्यापैकीं कोणासही सुचला नव्हता.

पूर्वीं हा प्रश्न इतका अडत नसे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, त्या काळीं स्फटिकाच्या स्वस्त यंत्रावर कार्यक्रम ऐकावयाचा तर कानांवर फोनच्या वाट्या चढवून बसावें लागे. वाट्या कानाच्या बाहेर राहत, म्हणून त्या कशाबशा सर्वांस चालत. वस्तु कानाच्या आंत शिरली तेव्हां मापाचा प्रश्न आला.

प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारें २५ मिलिमीटर लांब असते. ती सरळ नसून किंचित् नागमोडी असते. तिचा बाहेरचा सुमारें एकतृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक असतो. मळ तेथेंच तयार होतो. आंतला भाग हाडाचा, आणि त्यावरील त्वचा फार पातळ व हळवी असते. टोपी बसावयाची ती बाहेरच्या लवचीक भागांत. ती मोठी असली तर दाबते आणि ठणका लावते. लहान असली तर सैल राहते, आणि माणूस ती आंत आंत लोटूं लागतो. बोलतांना किंवा खातांना जबडा हलला कीं कूर्चेचा भागही हलतो, म्हणून सैल टोपी अशा वेळीं हमखास निसटते. शिवाय एकाच माणसाचे उजवा व डावा कान सारख्या मापाचे असतातच असें नाहीं.

टोपी सैल असली म्हणजे खर्जाचे स्वर फटींतून निसटून जातात आणि बाहेरचा गोंगाट आंत येतो. वलवणकरांस हें चटकन पटेल. येथील तलावाचें पाणी नळांतून खोपोलीच्या वीजघरांत उतरतें. तें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. वाटेंत नळ गळूं लागला, तर वरून कितीही पाणी सोडलें तरी खालीं पुरता जोर यावयाचा नाहीं. कानाचेंही तसेंच आहे. फट न बुजवितां माणूस आवाज वाढवीत सुटतो, आणि धोका आहे तो येथें. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाहीं. तोच ९० डेसिबलवर गेला तर मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. तेव्हां बेताची टोपी शोधणें ही चैन नसून कानाची राखण आहे.

ती शोधावी कशी? प्रथम कान निरोगी आहे ना, हें पाहावें. आत्याच्या डाव्या कानास खाज येत होती. लोणावळ्यांतील डॉक्टरांनीं मळ काढून दिला, आणि तेल व आंकडा हे दोन्ही कानांत घालण्यास बंदी केली. कानांत तेल सोडण्याची चाल आपल्या घरांतून जुनी आहे. तेलानें मळ मऊ होतो हें खरें. परंतु कानाच्या पडद्यास छिद्र असेल तर त्यापासून अपाय होतो, ओलसर हवेंत कानांत बुरशी धरण्याची भीति असते, आणि तेलकट कानांत टोपीही ठरत नाहीं.

नंतर प्रत्येक कानास तीनही मापें निरनिराळीं लावून पाहावीं. एका हातानें कान हलकेच वर व मागें ओढावा, म्हणजे आंतली वाट सरळ होते. दुसऱ्या हातानें टोपी किंचित् फिरवीत आंत बसवावी. मृदंग किंवा तबला असलेलें कांहीं तरी हळू आवाजांत लावावें. खर्ज भरदार ऐकूं आला आणि पाव तासानंतरही कोठें दाब वाटला नाहीं, तर माप जुळलें. आणखी एक खूण अशी कीं, टोपी नीट बसली म्हणजे स्वतःचें बोलणें मडक्यांत बोलल्याप्रमाणें घुमतें. आत्यानें रामरक्षा मोठ्यानें म्हणून ही परीक्षा केली. नातवानें त्याच निमित्तानें लोणावळ्याची चिक्की चघळून आपली केली. आत्याच्या उजव्या कानास लहान टोपी बसली, डाव्यास मधली. दोन कानांस दोन मापें घालण्यांत कांहीं वावगें नाहीं.

सिलिकॉनच्या या टोप्या ज्यांस टोंचतात त्यांनीं फोमच्या घ्याव्या. दाबल्यावर सावकाश फुगणारा हा फोम अमेरिकेच्या अवकाश संस्थेसाठीं बैठकींच्या गाद्यांवर १९६६ सालीं झालेल्या संशोधनांतून निघाला. टोपी बोटांनीं चेपून कानांत घालावी आणि अर्धा मिनिट धरून ठेवावी. ती फुगून कानाचा आकार घेते. मात्र ती घाम व मळ शोषते, म्हणून कांहीं महिन्यांनीं बदलावी लागते. सिलिकॉनची टोपी काढून कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुतां येते. पावसाळ्यांत ती रात्रभर सुकूं दिल्यावांचून पुन्हा घालूं नये. नव्या टोप्या घेतांना इअरफोन बरोबर न्यावा. त्याच्या तोंडाचा व्यास निरनिराळा असतो. कोणतीच टोपी सोसत नसेल त्यांनीं कानाच्या बाहेर राहणारे प्रकार पाहावे. आणि एकत्र कुटुंबांत इतर सारें सामाईक असो, इअरफोन ज्याचा त्यालाच असावा.

टोप्या बसल्या आणि आत्याचा आवाज निम्म्यावर आला. ही हकीकत येथेंच संपती तर आम्हांस आनंद वाटता. परंतु दुसऱ्या दिवशीं ती म्हणाली, ‘मृदंग छान ऐकूं येतो रे, पण बुवांचे शब्द मधूनमधून पुसट लागतात.’ वार्धक्यांत प्रथम उंच स्वर ऐकूं येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण त्यांतच मोडतात, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाहीं. हा दोष कोणत्याही टोपीनें भरून यावयाचा नव्हता. पुण्यास नेऊन तिची श्रवणपरीक्षा केली. दोन्ही कानांत थोडी उणीव निघाली आणि श्रवणयंत्र लावण्याचा सल्ला मिळाला. चुकीच्या टोपीवर खापर फोडून, आणि त्याआधीं वयावर फोडून, आम्ही ही गोष्ट पाहावयाचीच राहिलों होतों. मुंबईकडील वाचकांस अशा परीक्षेसाठीं वांद्रें येथील अली यावर जंग संस्था आहे. ती १९८३ पासून हेंच कार्य करीत आहे.

यंत्राचा सांचा करण्यासाठीं तेथील बाईंनीं आत्याच्या कानांत मऊ लगदा भरून त्याचा ठसा घेतला. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, ‘जन्मभर कासारानें हाताचें माप घेतलें, कानाचें माप आज पहिल्यांदा कोणी घेतलें.’

आमच्या वाचकांस एवढीच विनंति. घरांत कोणाचा इअरफोन वापरावांचून पडला असेल, तर त्याचा डबा या महिन्यांत एकदां उघडून पाहावा. तळाशीं न फोडलेली पिशवी सांपडेल. ती फोडण्यापूर्वीं मात्र त्या माणसाजवळ बसून, ‘नेमकें कोठें दुखतें?’ एवढें विचारावें, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावें.