ग्रंथालयाच्या नोंदींत काय उरते?

मास्ट्रिख्टमध्ये मास नदीच्या पूर्वतीरावर, जुन्या चिनीमातीच्या कारखान्याच्या जागेवर, यो कूनेन या वास्तुरचनाकाराने आखलेले ‘सेंत्र सेरामिक’ १९९९ साली उघडले. शहराच्या या ग्रंथालयात बसून वाचणाऱ्याला कुणी ओळखपत्र विचारत नाही. नाव-पत्ता द्यावा लागतो तो सभासद होऊन पुस्तक घरी नेताना. उंबरठ्यावरची ही मोकळीक आणि टेबलावरची ही नोंद, यांतले अंतर आता महत्त्वाचे ठरू लागले आहे.

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने शाळा, इस्पितळे, प्रार्थनास्थळे अशा ठिकाणी स्थलांतरितांवर कारवाई टाळण्याचे जुने बंधन काढून टाकले. ग्रंथालयात अधिकारी आलेच, तर न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट कोणते आणि खात्याने स्वतःच काढलेले कोणते, हे ओळखण्याचे धडे तिथले ग्रंथपाल गिरवीत आहेत. युरोपातील मराठी मंडळी यावर सहसा म्हणतात, ‘आपल्याकडे जीडीपीआर आहे.’

हे उत्तर अर्धेच खरे आहे. मे २०१८पासून लागू असलेला हा कायदा गरजेपेक्षा अधिक माहिती गोळा करण्यास व साठवण्यास मनाई करतो. परंतु शासनाने कायद्याच्या आधारे केलेली मागणी तो अडवीत नाही. नेदरलँड्समध्ये डॉक्टर, वकील, नोटरी यांना न्यायालयापुढेही मौन पाळण्याचा हक्क आहे. आम्हा पत्रकारांनाही २०१८पासून स्रोताबाबत तो मिळाला. ग्रंथपालाला तो नाही. याउलट अमेरिकेत वाचकांच्या नोंदी गोपनीय ठेवणारे कायदे जवळजवळ प्रत्येक राज्यात आहेत. एवढ्या एका मुद्द्यापुरते तरी डच वाचकाचे चिलखत पातळ म्हणावे लागेल.

शिवाय डच ग्रंथालय आता केवळ पुस्तकांचे राहिलेले नाही. २०१९पासून देशभरच्या ग्रंथालयांत डिजिटल शासनाची माहिती केंद्रे सुरू झाली. अनुदानाचा अर्ज, डिजिडी, स्थलांतर खात्याचे न उमगलेले पत्र हे सारे घेऊन लोक तिथे येतात. मदतनीस चांगल्या हेतूने मदत करतो. पण त्या संगणकावर आणि त्या चिठ्ठीवर काय मागे राहते? १९९८च्या जोडणी कायद्याने निवासाचा हक्क आणि सार्वजनिक सेवा यांची गाठ बांधली. अल्पवयीनांचे शिक्षण, आवश्यक उपचार, कायदेविषयक मदत एवढेच त्यातले अपवाद. जुलै २०२५मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने मंजूर केलेल्या आश्रयविषयक विधेयकात तर बेकायदा वास्तव्यच गुन्हा ठरविण्याची तरतूद होती. वास्तव्य गुन्हा ठरले, की प्रशासकीय विचारपूस आणि फौजदारी तपास यांच्यातील भिंत खचते.

नोंदीची धास्ती काय करते, हे मास्ट्रिख्टने स्वतः पाहिले आहे, आणि तेही अगदी वेगळ्या दुकानात. १ मे २०१२ रोजी दक्षिणेच्या तीन प्रांतांत गांजाच्या कॉफीशॉपांना ग्राहकांची सभासद म्हणून नोंद करणे सक्तीचे झाले. स्थानिक रहिवाशांना प्रवेशाचा पूर्ण हक्क होता, तरी अनेकांनी यादीत नाव घालण्यास नकार दिला आणि व्यवहार रस्त्यावर आला. वर्ष सरता सरता ती योजना गुंडाळावी लागली. निर्दोष माणूसही यादीला बिचकतो. डच समाजाला तर याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही: लोकसंख्या नोंदवहीतला धर्माचा रकाना नाझींच्या हाती पडल्यावर काय झाले, आणि २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकारकांनी ॲम्स्टरडॅमचे नोंदणी कार्यालय का पेटविले, हे इथल्या शाळकरी मुलांनाही शिकवले जाते. तो रकाना भरणाऱ्या कारकुनाच्या मनात काही वाईट नव्हते.

म्हणून मला कॅलिफोर्नियातील सांता क्रूझचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. पेट्रियट कायद्याच्या काळात, २००३ साली, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने वाचकांच्या चिठ्ठ्या-नोंदी रोजच्या रोज यंत्रात घालून नष्ट करण्यास सुरुवात केली. जे जवळ नाही ते मागणाऱ्याला देता येत नाही. त्यासाठी ग्रंथपालाला शूर असण्याचीही गरज उरत नाही.

‘आम्ही तर कुशल स्थलांतरित, आमची कागदपत्रे चोख’ असे कुणी म्हणेल. नोकरी गेली, की कुशल स्थलांतरिताला नवी शोधण्यासाठी फार तर तीन महिने मिळतात. त्या तीन महिन्यांत घराबाहेर, विनामूल्य, शांतपणे बसता येईल अशी जागा बहुधा ग्रंथालयाचीच असते. चोख कागदपत्रे आणि संशयास्पद कागदपत्रे यांच्यात कधी कधी एका तिमाहीचेच अंतर असते.

जीडीपीआरच्या १५व्या कलमाखाली आपण ग्रंथालयाला विचारू शकतो: माझ्याविषयी काय साठवले आहे, कशासाठी, किती काळ, आणि ते कुणाला दिले? उत्तर सर्वसाधारणपणे एका महिन्यात देणे बंधनकारक आहे. परत केलेल्या पुस्तकाशी आपले नाव किती दिवस जोडलेले राहते, हेही त्याच पत्रात विचारावे.