झोप आणणारी सर्दीची गोळी



कापूस वेचणीला आला, मक्याची मळणी सुरू झाली आणि पहाटेचे दव पडू लागले की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात सिल्लोड-कन्नडपासून गंगापूर-पैठणपर्यंत घरोघरी दोन तक्रारी ऐकू येतात. एकाच्या नाकाला धार लागलेली असते, दुसऱ्याला अंगभर खाज सुटलेली असते. मग घरातले कोणीतरी दुकानात जाते आणि "सर्दीची द्या", "खाजेची द्या" असे सांगून चार गोळ्या कागदात गुंडाळून आणते. गोळी पोटात गेली की नाक वाळते, खाज कमी होते आणि थोड्या वेळाने डोळे मिटू लागतात. घरातली मोठी माणसे समाधानाने म्हणतात, "औषध लागू पडलं बरं का, झोप लागली."

या खेपेला आपण बोलणार आहोत ते या झोपेविषयी. ही झोप आजार बरा झाल्याची खूण नाही. गोळीचा अंमल मेंदूवर झाल्याची ती खूण आहे. एवढी एक गोष्ट घरातल्या सर्वांना समजली तर पुष्कळ अपघात टळतील.

ही गोळी करते काय?

आपल्या शरीरात हिस्टामिन नावाचा एक पदार्थ असतो. बाहेरून काही नकोसे आत शिरले की शरीरातल्या विशिष्ट पेशी तो सोडतात. मग शिंका येतात, नाक-डोळे वाहतात, कातडी लाल होते, गांधी उठतात. माळ्यावरच्या राखणदाराने गोफण चालवावी तसेच हे आहे. पण काही माणसांचा राखणदार जरा जास्तच तापट असतो. साधी धूळ आली, परागकण आले, तरी तो गोफण सोडत राहतो. याला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो. हिस्टामिनला आवरणारे औषध ते अँटिहिस्टामिन. डॅनियल बोव्हे या शास्त्रज्ञाने १९३७ साली पॅरिसमध्ये अशा पहिल्या पदार्थाचा शोध लावला आणि पुढे १९५७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यातली मेख पाहा. हेच हिस्टामिन मेंदूतही असते आणि तेथे त्याचे काम माणसाला जागे व सावध ठेवण्याचे असते. जुन्या पद्धतीच्या गोळ्या रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि तेथल्या हिस्टामिनलाही अडवतात. नाक वाळते ते आणि डोळे जड होतात ते, ही दोन्ही कामे एकाच गोळीची.

क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन (जिला सगळे 'अ‍ॅव्हिल' म्हणून ओळखतात), प्रोमेथाझीन, डायफेनहायड्रामीन आणि हायड्रॉक्सिझीन ही औषधे चांगलीच गुंगी आणतात. सिट्रिझीनने त्या मानाने कमी गुंगी येते, पण काहींना येतेच. फेक्सोफेनाडीन आणि लोराटाडीन ही नवी औषधे मेंदूत फारशी जात नाहीत, म्हणून नेहमीच्या मात्रेत त्यांनी सहसा झोप येत नाही. शेतात किंवा गाडीवर काम असेल तर "झोप न आणणारी गोळी द्या" असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. असे मागण्यात संकोच कसला?

उपयोग कोठे, आणि कोठे नाही?

अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, धुळीने सारख्या शिंका येणे, डोळे खाजणे, किडा चावून सूज येणे, यांवर ही औषधे चांगली. प्रोमेथाझीन एस.टी.च्या प्रवासात उलटी होणाऱ्या मोठ्या माणसांनाही देतात. पण साधी सर्दी विषाणूमुळे होते. गोळीने नाकाची धार थोडी कमी होईल, सर्दी मात्र तिच्या मुदतीनेच जाईल.

खाजेचेही तसेच आहे. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले आणि आज ते मराठवाड्याच्या बांधाबांधावर आहे. त्याच्या स्पर्शाने आणि परागाने मान, चेहरा, पापण्या, कोपराची लवण येथे खाज सुटून कातडी जाड व काळवंडलेली होते. अशा माणसाने वर्षानुवर्षे गोळ्या खाल्ल्या तरी गवताशी संबंध तुटल्याशिवाय खाज जात नाही. गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून व अंगभर कपडे घालून उपटावे. ज्याला त्रास आहे त्याने तर त्याला हातच लावू नये. दर आठवड्याला खाजेचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी त्यात काय आहे ते विचारून घ्यावे. त्यात पुष्कळदा स्टेरॉइडही असते आणि ते वारंवार घेणे घातक आहे. घाटीत, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. एक दिवस मोडला तरी चालेल, पण तेथे दाखवावे.

दोन प्रसंगी तर या गोळीवर विसंबून राहूच नये. पहिला प्रसंग आग्या मोहोळाचा. अजिंठ्याच्या कड्यांना अशी मोहोळे लागतात आणि तेथे माश्यांनी माणसांवर हल्ला केल्याचे प्रकार घडले आहेत. शेतातल्या झाडावरही ती असतात. माशी चावल्यावर नुसती गांधी आली तर गोळी ठीक आहे. पण ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, आवाज बसला, चक्कर येऊन माणूस पडू लागला, तर त्याला अ‍ॅड्रिनॅलीनचे इंजेक्शन लागते. अशा वेळी गोळी देऊन वाट पाहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे.

दुसरा प्रसंग फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीनंतर अंगाची आग, मळमळ, लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक असे काही झाले तर ती 'अ‍ॅलर्जी' समजून गोळी घेऊ नये. कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

शेतात डुलकी परवडत नाही

शहरात कचेरीत बसलेल्या माणसाला गुंगी आली तर फार तर कागद चुकेल. आपल्याकडे समोर मळणीयंत्र असते, कडबाकुट्टीचे पाते असते, उघडी विहीर असते, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो. गुंगी म्हणजे नुसती पेंग नव्हे. हात उशिरा हलतो, अंतराचा अंदाज चुकतो आणि गंमत अशी की आपण सुस्त झालो आहोत हे आपल्याला कळतही नाही. क्लोरफेनिरामीन शरीरातून हळूहळू निघते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी उठल्यावरही राहू शकतो. म्हणून गोळी घेतलेल्या दिवशी यंत्र, वाहन, विहीर आणि रात्रीचे पाणी देणे यांपासून लांब राहावे. ही कामे त्या दिवशी घरातल्या दुसऱ्याने करावीत.

दारू आणि ही गोळी यांचे तर मुळीच जमत नाही. दोन्ही मिळून गुंगी आणखी वाढते आणि श्वासही मंदावू शकतो. झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. या गोळ्यांनी तोंड वाळते, तसा घामही कमी येतो. पारा चाळीसच्या वर गेलेला असताना घाम हाच शरीराचा थंडावा. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत गोळी घेऊन भर दुपारी रानात जाणे म्हणजे उष्माघाताला आवतण देणे.

लेकराला झोपवण्यासाठी औषध नको

माय-भगिनींनो, हे विशेष तुमच्यासाठी, आणि घरातल्या बाप्यांनीही वाचावे असे.

मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया पूर्वी तान्ह्या लेकराला अफू असलेली बाळगोळी देत. पाळी संपेपर्यंत मूल गप्प पडून राही. त्या माउल्या निर्दय नव्हत्या. घरी सांभाळायला कोणी नव्हते आणि रोज बुडवणे परवडत नव्हते. आज बाळगोळी गेली, पण अडचण तीच आहे. वेचणीला जायचे आहे, ऊसतोडीला जायचे आहे, मूल किरकिरते आहे, आणि फळीवर सर्दीच्या औषधाची गोड बाटली आहे. एक चमचा दिला की मूल चार तास झोपते. मग सर्दी नसली तरी चमचा दिला जातो.

हे करू नका. लहान मुलाचा मेंदू आणि श्वास दोन्ही नाजूक असतात. प्रोमेथाझीन दोन वर्षांखालील मुलाला मुळीच द्यायचे नसते, कारण त्याने श्वास थांबून मुले दगावली आहेत. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन यांचे ठरावीक मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देण्याजोगी नाहीत.

हे सांगण्याची वेळ का आली तेही ऐका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, सर्दीचे एक सिरप पिऊन वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. कितीतरी मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. त्या सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. मृत्यू या भेसळीमुळे झाले, अँटिहिस्टामिनमुळे नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्या साध्या सर्दीला औषधाची गरजच नसते, त्या सर्दीसाठी बाटली उघडली गेली होती, हेही खरे.

मग सर्दी झालेल्या लेकराला काय द्यावे? अंगावरचे दूध वारंवार पाजावे, मोठ्या मुलाला कोमट पाणी व पातळ पेज द्यावी. नाक चोंदले तर दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत. एक वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी थोडा मध चालतो, एक वर्षाखाली मध देऊ नये. मूल भराभरा श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, पीत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा उठवूनही नीट जागे होत नसेल, तर घटकाभरही न थांबता दवाखान्यात न्यावे. औषधाने आलेल्या गुंगीत ही शेवटची खूण झाकली जाते, म्हणूनही ते औषध नको.

काही मुलांना या औषधाने झोप येण्याऐवजी उलटे होते. ती चवताळतात, रात्रभर रडतात. जास्त मात्रा गेली तर झटकेही येतात. गोड बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी, कुलपात ठेवावी. मुलाने ती प्यायल्याचा नुसता संशय आला तरी बाटलीसकट रुग्णालयात जावे. अंगावर पाजणाऱ्या बाईने गुंगीची गोळी घेतली तर बाळही सुस्त होऊ शकते. गरोदर व पाजत्या बायांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

म्हाताऱ्या माणसांचे काय?

साठीच्या पुढच्या पुरुषांना पुष्कळदा लघवीच्या गाठीचा, म्हणजे प्रोस्टेटचा त्रास असतो. या गोळीने लघवी एकाएकी तुंबू शकते आणि मग मध्यरात्री नळी घालण्यासाठी तालुक्याला धावावे लागते. काचबिंदू असणाऱ्याच्या डोळ्यातला दाब वाढू शकतो. बद्धकोष्ठ होते, नजर अंधुक होते, कफ घट्ट होतो. रात्री उठताना तोल जाऊन आजी पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. काही वृद्ध गोळीने बरळू लागतात आणि घरच्यांना वाटते, वय झाले. असे अचानक झाले तर गेल्या दोन दिवसांत कोणती नवी गोळी दिली, ते आधी आठवावे.

गोळी घेण्यापूर्वी एवढे करा

एक, सुटी गोळी आणू नका. पट्टी आणा, म्हणजे नाव व मुदत वाचता येईल. अक्षरे इंग्रजीत व बारीक असतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून किंवा आशाताईंकडून वाचून घ्या.

दोन, सर्दीची गोळी, खोकल्याचे सिरप आणि खाजेची गोळी या तिन्हींत एकच क्लोरफेनिरामीन असू शकते. नावे तीन, औषध एक, आणि मात्रा तिप्पट. एका वेळी एकच घ्या.

तीन, घरातला चमचा मापाचा नसतो. कोणाचा लहान, कोणाचा मोठा. बाटलीबरोबर मिळणारे मापच वापरा.

चार, एकाला लिहून दिलेले औषध दुसऱ्याला देऊ नका, आणि मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला तर कधीच देऊ नका.

पाच, आठवडाभर गोळी घेऊनही खाज किंवा शिंका राहिल्या तर गोळी वाढवू नका, डॉक्टर गाठा.

ही औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ घेऊ नका. गांधी उठून तळमळणाऱ्या माणसाला रात्रीची एक गोळी मोठा आराम देते, आणि ती स्वस्तही आहे. विळा कामाचा असतो, पण तो आपण लेकराच्या हाती देत नाही आणि अंधारात चालवत नाही. या गोळीचेही तसेच धोरण ठेवावे. सुगीचे दिवस आहेत, घरातले प्रत्येक माणूस जागे व धडधाकट हवे. सर्दी आठवड्यात जाईल, पण मळणीयंत्रात गेलेला हात परत यायचा नाही.