फूटभर मागे

रायपूरला स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा माझा मामेभाऊ मागच्या वर्षी अर्ध्या मार्काने यादीबाहेर राहिला. परवा सराव पेपरमध्ये तो या गणितावर घसरला: १०० मीटरच्या शर्यतीत अ हा ब ला १० मीटरने हरवतो. अ ने १० मीटर मागून सुरुवात केली, तर बरोबरी होईल का?

‘हो’ म्हणावंसं वाटतं ना? (मीही म्हणाले!) पण वेळ सारखा असेल, तर अंतराचं गुणोत्तर तेच वेगाचं: १०:९. अ ११० मीटर धावेपर्यंत ब ९९ मीटरच जातो. अ तरीही १ मीटरने जिंकतो.

अंतर सारखं असेल, तर गुणोत्तर उलटं होतं, वेग जास्त तर वेळ कमी. बीडच्या अविनाश साबळेची बर्मिंगहॅमची २०२२ ची राष्ट्रकुल शर्यत घ्या. ३००० मीटर स्टीपलचेस. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंद. सरासरी वेग सेकंदाला साधारण ६.१ मीटर, गुणिले ०.०५, म्हणजे ३० सेंटिमीटर. शेवटी दोघंही सरासरीपेक्षा जोरात पळाले असणार, म्हणून थोडं जास्तच धरा. तीन किलोमीटर धावून सुवर्ण हुकलं ते फूट-सव्वा फुटाने.

भावाने हे गणित दोनदा करून पाहिलं.